पाठीचं दुखणं

"श्रीपालभाऊ, जरा सरळ बसा की. रिक्षा एका अंगाला ओढायला लागलीय."

बाबालाल मुजावर आरशातून माझ्याकडे बघत होता. मला सरळ बसता येत नव्हतं. सगळा भार डाव्या कुल्ल्यावर टाकून, उजवा पाय पुढच्या दांड्यावर चढवून, एका हातानं रिक्षाची कड आणि दुसऱ्या हातानं माईक धरून मी कसाबसा तोल सांभाळत होतो. समोर खड्डा आला. बाबालालनं तो चुकवला नाही. मी माईकमध्येच "आई गं!" म्हणालो आणि टपावरच्या दोन्ही कर्ण्यांनी ते अख्ख्या माळी गल्लीला ऐकवलं.

"आई... आईवडिलांची काळजी घ्या!" मी लगेच सावरलो. "नागरिकहो, ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी, कोणतंही लक्षण अंगावर काढू नका. लपवू नका. लाजू नका. ताबडतोब दवाखाना गाठा!"

त्यातलं 'लाजू नका' माझ्या पदरचं होतं. नगरपरिषदेनं दिलेल्या कागदावर ते नव्हतं.

ही एकवीस सालच्या जुलैतली गोष्ट. दुसरी लाट ओसरली असं टीव्हीवर सांगत होते, पण आमच्या सांगलीकडच्या भागातून ती काही हलायला तयार नव्हती. मी मूळचा कुस्ती मैदानांचा निवेदक. जत्रेतली मैदानं, अधूनमधून लग्नंही. मैदानं बंद पडली तेव्हा नगरपरिषदेनं मला बाबालालच्या रिक्षात बसवून गावभर फिरवायला सुरुवात केली. तालुक्यात माझा चेहरा ओळखणारे थोडे, पण आवाज शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मला जूनमध्ये कोरोना होऊन गेला होता. अगदी साधा. चार दिवस ताप, बारा दिवस वरच्या खोलीत. वास गेला, वास आला. सुटलो म्हणून खाली उतरलो आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठून बघतो तर सूज. कुठं, हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. दोन-दोन तास न थांबता बोलणारा माणूस मी. एखाद्या पैलवानाच्या नुसत्या मांडीवर पाच मिनिटं बोलेन. पण स्वतःच्या दोन मांड्यांच्या मधलं काही सुजलं तर ते घरात काय नाव घेऊन सांगायचं? उजव्या बाजूचं चांगलं ईडलिंबाएवढं झालं होतं आणि पाऊल टाकलं की पोटापर्यंत कळ जायची. 'वृषण' हा शब्द मी पुढं मिरजेत शिकलो.

"असा का चालतोयस?" आईनं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठ धरलीय."

तिथंच सगळं चुकलं. पाठदुखी म्हटलं की आमच्या आईला चेव येतो. रोज संध्याकाळी तिळाच्या तेलात लसूण तळून ती माझ्या पाठीला चोळायला बसायची.

"पालथा झोप."

"बसूनच लाव की."

"बसून पाठ मोकळी होते व्हय? झोप पालथा!"

मग मी त्या सुजेवर पालथा झोपायचो. दाताखाली उशीचं टोक धरायचो. आई मणक्यावर अंगठे रोवायची आणि मी कळवळलो की खूश होऊन म्हणायची, "बघ, बरोबर जागा सापडली." माझी बायको त्रिशला मिठाची गरम पुरचुंडी घेऊन बाजूला उभी असायची. ती काही बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "पाठ दुखणारा माणूस पाय असे फाकून चालतो का?"

"मणक्याचं आहे. पायात उतरलंय," मी उशीतूनच म्हणालो.

"येत्या गुरुवारी हिचं दुर्बिणीचं, त्यात तुझी पाठ," आई तेल जिरवत म्हणाली. "घरात एक माणूस धड नाही."

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्रिशलाच्या पोटाची दुर्बिणीतून तपासणी एकदा झाली होती. काही सापडलं नव्हतं, म्हणून आता दुसऱ्यांदा करायची ठरली होती.

दुसऱ्या दिवशी बाबालालनं रिक्षाच्या सीटवर स्कूटरच्या चाकाची ट्यूब हवा भरून ठेवली होती. मी काही न बोलता तिच्यावर बसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला बसल्यासारखं वाटलं.

गाव अर्धं झाल्यावर बाबालालनं रिक्षा चिंचेखाली उभी केली, कर्ण्यांचं बटण बंद केलं आणि पुढंच बघत म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला पण झालतं. कोरोनानंतर."

"काय झालं होतं?"

"पाठ."

मी ट्यूबवर जरा सरकून बसलो.

"मिरजेत डॉक्टर हाय. नेर्लेकर. पाठीचाच."

"पाठीचाच?"

"पाठीचाच. पण पुढच्या बाजूनं बघतात."

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. मिरज म्हणजे आमच्याकडचं दवाखान्यांचं गाव. कुणी नुसतं 'मिरजेला निघालोय' म्हटलं तरी समोरचा काळजीनं विचारतो, काय झालंय. एस्ट्या नीट चालत नव्हत्या, म्हणून बाबालालचीच रिक्षा घेतली. टपावर कर्णे आणि मागं 'लक्षणे लपवू नका' असा फलक तसाच होता. नाक्यावर हवालदारानं अडवलं.

"कुठं?"

खरं सांगावं तर पुढं 'काय झालंय' आलंच. "जनजागृती," मी म्हणालो.

त्यानं फलक वाचला, कर्णे बघितले. "मग गप का? बोला की."

मला त्या नाक्यावर, ट्यूबवर बसून, पाच मिनिटं जनजागृती करावी लागली. 'लाजू नका' म्हणताना आवाज फुटला. हवालदाराला ते फार भिडलं असावं. त्यानं सलाम ठोकला.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली तंबोरे बनवायचं दुकान, त्याच्या शेजारी नाक-कान-घशाचा दवाखाना, आणि जिन्यावर पाटी : 'डॉ. एस. व्ही. नेर्लेकर, मूत्रविकार व पुरुषरोग'. वर पंधरा-वीस पुरुष एकेक खुर्ची सोडून बसले होते. सगळ्यांनी डोळ्यांपर्यंत मास्क ओढलेले, वर टोप्या, एकानं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला हायसं वाटलं. मास्कमध्ये मला कोण ओळखणार? फक्त तोंड उघडायचं नाही. मी तयारीनंच आलो होतो. खिशातून चिठ्ठी काढून मी काउंटरवरच्या बाईंना प्लॅस्टिकच्या पडद्याखालून सरकवली : 'घसा बसला आहे. बोलता येत नाही.'

बाईंनी ती वाचली. "घशाचे डॉक्टर खाली!" त्या मोठ्यानं म्हणाल्या.

मी मान हलवली. खाली बोट दाखवलं.

"तेच म्हणतेय. खाली!"

मी पुन्हा खाली बोट दाखवलं, या वेळी जरा जवळून. बाईंचा चेहरा बदलला. "अहो, काय करताय? नीट सांगा नाहीतर बाहेर व्हा!"

"घसा नाही हो, खालचंच दुखतंय!" मी म्हणालो. घाबरलो की माझा आवाज आपोआप मैदानाचा होतो. भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल.

पंधरा-वीस मास्क एकदम वर झाले.

"आरं, ह्यो तर कुस्तीवाला आवाज!" टॉवेलवाला म्हणाला.

"रिक्षातला! लाजू नका!" दुसरा कुणीतरी.

सगळे एकदम खुलले. एक म्हातारा मात्र कोपऱ्यातून उठला आणि भिंतीच्या कडेकडेनं जिन्याकडे सरकू लागला. पांढरं धोतर, काळा कोट, आणि डावीकडे कललेली टोपी. तशी टोपी मी एकाच माणसाच्या डोक्यावर बघितली होती.

"मामा?"

म्हातारा थांबला. ते माझे सासरे होते. बाबगोंडा पाटील, नदीपलीकडच्या गावचे. पासष्टी उलटली तरी चाल अशी ताठ की समोरचा बाजूला होई. फक्त आमच्या घरी आले की खुर्चीच्या कडेवर टेकायचे, पाठ न टेकवता. चहा घेतानाही आईची परवानगी मागितल्यासारखे.

"जावई? तुम्ही हिकडं?"

"पाठ. तुम्ही?"

"गुडघा."

आम्ही दोघंही पाटीखाली उभे होतो. पाटीकडे दोघांनीही बघितलं नाही. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. सासरे उभे आहेत, हातात ओझं आहे, आणि जावई नुसता बघतोय, हे माझ्यानं होईना.

"द्या मामा, मी धरतो."

"राहू द्या."

"असं कसं? द्या इकडं."

"जड नाही वो."

"जड असो नसो, मी असताना तुम्ही कशाला?" मी पिशवीचा बंद धरला. त्यांनी ती आपल्याकडे ओढली. मी आदरानं माझ्याकडे ओढली. सगळा दवाखाना बघत होता, माघार घेणं आता दोघांनाही अवघड होतं. मी जरा जोरात हिसडा दिला, तसे सासरे कमरेत वाकले आणि ओरडले, "अहो, सोडा! ती माझ्यातनंच आलीय!"

मी बंद सोडला. धोतराच्या निऱ्यांतून एक पारदर्शक नळी निघून त्या पिशवीत गेली होती. आत वांगी-टोमॅटो नव्हते. लघवी साठवायची प्लॅस्टिकची थैली होती, अर्धी भरलेली.

कुणी हसलं नाही. टॉवेलवाल्यानं उठून सासऱ्यांना आपली खुर्ची दिली. "माझी गेल्याच आठवड्यात काढली, पाटील," तो म्हणाला. "आठ दिवस जरा जड जातं, मग काय नाही."

सासरे बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो, माझ्या पद्धतीनं. ते खालमानेनं सांगू लागले. मे महिन्यात कोरोनानं नऊ दिवस इस्पितळात होते. घरी आले आणि आठवड्यात लघवीच तुंबली. प्रोस्टेटची गाठ आधीपासून थोडी होतीच, आजारानं तिला निमित्त मिळालं. दोनदा नळी काढून बघितली, दोनदा परत घालावी लागली.

"सासूबाईंना?"

"तिला गुडघा. धोतरात काय कळतंय?" मग त्यांनी माझ्या बसण्याकडे निरखून बघितलं. "तुमची पाठ लईच खाली उतरलीय."

माझा नंबर आला. मी आत गेलो आणि दारातच थिजलो. एस. व्ही. म्हणजे सुमित्रा निघाल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, समोर अर्धवट खाल्लेलं बिस्कीट.

"बसा. काय होतंय?"

"मला नाही, माझ्या मेव्हण्याला—"

"मेव्हणा बाहेर आहे का?"

"नाही."

"मग त्याची सूज तुम्ही का घेऊन फिरताय?" त्यांनी हातमोजे चढवले. "आज सकाळपासून दोन पाठी, तीन गुडघे आणि एक मेव्हणा आलाय. तुम्ही पाठ आणि मेव्हणा दोन्ही. काउंटरवरचं सगळं ऐकू आलं मला. झोपा तिकडे."

तपासता तपासता त्या साधेपणानं सांगत होत्या. ज्याला सूज आली त्याला वृषण म्हणतात. हा आजार नुसता छातीचा नाही, रक्तातून फिरतो, आणि काही पुरुषांच्या या भागालाही धरतो. कुणाचं वृषण सुजतं, कुणाला लघवीचा त्रास होतो, कुणाचं आणखी काही. बहुतेकांचं बरं होतं. "पण दाखवायला तर हवं. पंधरा दिवस यावर पालथं कोण झोपतं?"

मी आईच्या तेलाचं सांगितलं. त्या एक मिनिट खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते.

मग सोनोग्राफी. उजवीकडे त्या बोलत होत्या. डावीकडे आल्यावर गप्प झाल्या आणि यंत्र तिथंच फिरवत राहिल्या.

"लग्नाला किती वर्षं?"

"पाच."

"मुलं?"

"नाहीत."

"बायकोच्या तपासण्या?"

"सगळ्या झाल्यात." मी उत्साहानं यादी दिली. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांमध्ये औषध सोडून काढलेला फोटो, एकदा दुर्बीण, आता गुरुवारी दुसरी. वैद्याची पुडी, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पद्मावतीला सोळा शुक्रवार.

"आणि तुमच्या?"

पहिल्याच वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्रिशलाजवळ चिठ्ठी दिली होती : मिस्टरांचीही तपासणी करून घ्यावी. ती मी शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि शर्ट धुवायला टाकला होता. त्रिशलानं दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही.

"नाही झाली," मी म्हणालो.

त्यांनी एक छोटी डबी माझ्या हातात दिली. ती कशासाठी हे मला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर मी ती खाली ठेवून परत उचलली.

त्या खोलीबद्दल फार सांगत नाही. खालच्या दुकानात कुणीतरी तंबोरा जुळवत होतं. तार एकसारखी छेडली जात होती, वर चढत होती, पुन्हा उतरत होती, काही केल्या सुरात येत नव्हती. मीही तसाच. अर्ध्या तासानं डबी रुमालाखाली धरून बाहेर आलो, तर दाराशीच सासरे. रुमाल सरकला. त्यांनी डबीत डोकावून बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"एवढीच होतीय?"

"काय?"

"अर्ध्या तासात एवढीच?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी तरी थैलीभर होतीय, जावई. तुमचं लईच अवघड दिसतंय."

मी हो म्हणालो.

रिपोर्टला दीड तास होता. सासऱ्यांनी टपरीवरून चहा मागवला, माझ्यासाठी दोन कप. पाणी जास्त प्या म्हणाले.

मग डॉक्टरांनी आत बोलावलं. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"उजव्या बाजूची सूज कोरोनानंतरची. औषधानं आणि विश्रांतीनं जाईल. पालथं झोपायचं नाही." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "दुसरं. वीर्यात शुक्राणू फार कमी आहेत. अगदीच कमी."

"कोरोनामुळं," मी म्हणालो.

"तापानंतर थोडे घटतात. म्हणून तीन महिन्यांनी परत तपासू. पण डावीकडे शिरांचं जाळं फुगलंय आणि ते वृषण लहान राहिलंय. असं महिन्या-दोन महिन्यांत होत नाही."

"मग किती दिवसांत?"

"वर्षं लागतात. तुमच्या लग्नाआधीपासूनचं आहे." त्या थांबल्या. "यावर छोटं ऑपरेशन असतं. सुधारणा होते बऱ्याचदा. खात्री देत नाही. पण आधी हे कळलं असतं, तर तुमच्या बायकोची निदान एक दुर्बीण टळली असती."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. कागदावर औषधं लिहीत होत्या.

परतताना सासरे रिक्षात माझ्या शेजारी बसले. त्यांना नदीपलीकडं सोडायचं होतं. ट्यूब मी त्यांना देऊ केली, त्यांनी मला देऊ केली, शेवटी ती बाबालालनं स्वतःखाली घेतली.

"काय म्हणाल्या बाई?"

"सूज आहे. जाईल."

"जाणारच. घरी काय सांगायचं नाही, तुम्ही माझा गुडघा, मी तुमची पाठ." त्यांनी पिशवी पायाशी नीट ठेवली. "जावई, एक बोलू? बरेच दिवस मनात आहे. दुसरं कोण असतं तर माझ्या पोरीला केव्हाच माघारी धाडलं असतं. पाच वर्षं तुम्ही सांभाळून घेतलं. तुमच्या आईसमोर मला मान वर करवत नाही, पण तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत."

बाबालालचा डोळा आरशात होता. मी मान फिरवली.

"गुरुवारची ती लई घाबरलीय," सासरे म्हणाले. "मागच्या वेळी भूल उतरताना श्वास कोंडला होता म्हणं. फोनवर रडली. आबा, परत नको म्हणाली. मी म्हटलं, कर बाई, एवढ्यांदा कर. ते लोक एवढं करतात तुझ्यासाठी."

श्वास कोंडल्याचं मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी इस्पितळाच्या आवारातच होतो.

पूल ओलांडल्यावर ते उतरले. पिशवी सांभाळत, ताठ, गुडघा दुखत असल्याचं नाटक करत, एका पायानं लंगडत गेले. थोड्या वेळानं दुसऱ्या पायानं लंगडू लागले.

घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. आईनं कढल्यातल्या तेलात लसूण टाकला होता. सतरंजी अंथरलेली. त्रिशला पुरचुंडी तव्यावर फिरवत होती.

"झोप पालथा."

"नाही झोपत."

"का रे?"

"पाठ दुखत नाही, आई. कधी दुखलीच नव्हती."

आई चमचा हातात धरून बघत राहिली. "मग रोज कळवळत होतास ते?"

"वृषणाला सूज आलीय."

"कशाला?"

"वृषणाला."

"ते कुठं असतं?"

मला घाम फुटला. घाबरलो की काय होतं ते मी सांगितलंच आहे. मी आईला अगदी साध्या मराठीत, घरगुती शब्दात, पण मैदानाच्या आवाजात सांगितलं. शेजारी कुंभारांच्या घरी बातम्या चालू होत्या. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"अगं बाई," आई खाली बसली. मग सावरली. "कोरोनानं. दुसरं काय? सगळीकडं कायबाय व्हायला लागलंय कोरोनानं."

"सूज कोरोनानं."

"तेच म्हणतेय. जाईल."

"आई, मूल होत नाही ते माझ्यामुळं. मिरजेत तपासणी केली आज. दोष माझ्यात आहे."

"मग तोही कोरोनानंच!" आई घाईघाईनं म्हणाली. तिनं माझ्यापुढं जणू दार उघडून धरलं. "जूनमध्ये झाला की नाही तुला? त्यानंच बाधलं. तसंच सांगायचं सगळ्यांना. कोण काय म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणालं नसतं. त्या वर्षी लोकांनी कशाकशाचं खापर त्या आजारावर फोडलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. त्रिशलानं तव्यावरचा हात थांबवला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुरचुंडीकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "लग्नाआधीपासूनचं आहे. पाच वर्षं हिला उगाच टोचलं. गुरुवारी ती कुठंही जाणार नाही."

कुंभारांच्या घरात सुद्धा कुणी खोकलं नाही.

त्रिशलानं गॅस बंद केला. "तेल झाकून ठेवा, सांडेल," आईला म्हणाली, आणि जिना चढून वरच्या खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. सूज दहा-बारा दिवसांत उतरली. सासऱ्यांची नळी ऑगस्टमध्ये निघाली ती कायमची. मी सगळं सांगून टाकल्याचं कळल्यावर तेही घरी बोलले, आणि आता लग्नाकार्यात, पंगतीत शेजारच्याला ती हकीगत इतकी रंगवून सांगतात की माणसं पानावरून उठतात. आमच्या घरी आले की मात्र खुर्चीत पाठ टेकवून बसतात आणि चहात साखर कमी पडली तर तसं सांगतात. आईनं गल्लीत कोरोनाचंच सांगितलं. कुंभार सोडले तर सगळ्यांनी ते मानलं. तीन महिन्यांनी आकडा थोडा वर आला, पण थोडाच. दिवाळीनंतर माझं ऑपरेशन झालं. मूल अजून नाही. आता तपासणीला दोघं जातो.

पण मला आठवतो तो त्या संध्याकाळनंतरचा बारावा दिवस. अकरा दिवस त्रिशला माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायची, वर निघून जायची. आईशी बोलायची, बाबालालशी बोलायची, मला काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची. त्या दिवशी दुपारी मी फेरी संपवून पायरीवर बसलो होतो. ती चहाचे दोन कप घेऊन आली. एक माझ्यापुढं ठेवला आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"दुखतंय का अजून?"

"उठताबसताना. थोडं."

तिनं मान हलवली. मी कपाची कड चाचपत राहिलो.

"तुला त्या वेळी दुखलं होतं का?" मी विचारलं.

"कुठल्या वेळी?" ती म्हणाली.

मला एकही तारीख सांगता येईना.

"पहिल्यापासून सांग," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग पायरीवर बसली, जरा अंतर ठेवून. कप बाजूला सारला.

"पहिली तपासणी चैत्रात होती," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर फोनवर होता."

आणि ती सांगत गेली. आईनं मध्ये एकदा आतून हाक मारली, दोघांपैकी कुणी ओ दिली नाही. ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं. ती अजून दुसऱ्या वर्षापर्यंतच आली होती.